मंडळ जबाबदार राहणार नाही

अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यातली निम्मी आग माझी माझ्यावरच असते.

मी टेक्सासमधल्या प्लेनोत राहते आणि आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी आहे. म्हणजे हॉल बुक करणं, फॉर्म भरणं, नोटिसा लिहिणं ही सगळी हमाली माझी. गणपतीचा कार्यक्रम आम्ही शेजारच्या एका शहराच्या मोठ्या थिएटरात करतो. लाल खुर्च्या, फर्स्ट क्लास साउंड. एका वर्षी आरतीच्या कापराने तिथला फायर अलार्म वाजला. नऊवारीतल्या बायका, ढोलवाले, आज्या, सगळे पार्किंग लॉटमध्ये, आणि दारात आगीचा बंब. थिएटरची मॅनेजरबाई हसत म्हणाली, "किती सुंदर परंपरा आहे तुमची!" चारचा कार्यक्रम आम्ही साडेपाचला सुरू करतो, तरी ती आम्हाला गोड म्हणते. लावणी आम्ही फॉर्मवर 'लोकनृत्य' म्हणून लिहितो. लावणीच्या शब्दांचा अर्थ तिने आजवर विचारलेला नाही. विचारला असता तर माझीच पंचाईत झाली असती.

माझी एक मैत्रीण नायजेरियाची आहे, फार्मसिस्ट. आमच्या दोघींच्या मुली शाळेच्या ऑर्केस्ट्रात एकाच नोटेशनच्या स्टँडसमोर बसून व्हायोलिन वाजवतात, त्याच थिएटरात, त्याच स्टेजवर. नोकरी सांभाळून ती आफ्रोबीट्सचे, म्हणजे तिकडच्या पॉप गाण्यांचे, शो करते. लागोसचा कुणी गायक टेक्सासकडे आला की त्याला बोलावते. इतकी वर्षं तिचे शो हायवेलगत, टायरच्या दुकानामागच्या बँक्वेट हॉलमध्ये व्हायचे. तिथे आवाज इतका घुमतो की शब्द कळत नाहीत. गेल्या वसंतात एक मोठा गायक येणार होता, आणि तिने ठरवलं, या वेळी ते थिएटर.

"माझी मुलगी जिथे वाजवते, तिथे माझं संगीत का नको?" ती मला म्हणाली.

थिएटरने तिला अटी पाठवल्या. दारात मेटल डिटेक्टर. आमच्या दुप्पट गार्ड. खुर्ची सोडून नाचायला बंदी. आणि प्रत्येक गाण्याचा इंग्रजी अनुवाद आधी द्यायचा. मी ते तिच्या कारमध्ये बसून वाचलं, शाळेत मुलींची रिहर्सल संपायची होती. मी ओरडलेच. ती ओरडली नाही. तिने आठवडाभर किचन टेबलवर बसून गाण्यांचे अनुवाद केले. प्रेमाची गाणी, आईची गाणी, एक ट्रॅफिकवरचं. मग थिएटरने आणखी एक मागितलं: आधी हॉल वापरलेल्या एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र.

"ते माझ्यावर सोड," मी म्हटलं. मोठ्या रुबाबात म्हटलं.

कमिटीची मीटिंग आमच्या अध्यक्षांकडे झाली. त्यांना सगळे काकाच म्हणतात. पोहे झाले, चहा आला, मी विषय काढला.

"लेटर देऊ गं, पण उद्या काही इश्यू झाला तर?" काका म्हणाले.

"काय होणार, काका?"

"यार, तसं काही नाही," आमचा ट्रेझरर म्हणाला. "पण क्राउड वेगळा असतो ना."

"तू गेलायस कधी त्यांच्या शोला?"

तो गेला नव्हता. कुणीच गेलं नव्हतं. ज्यांच्या आरतीने बंब आला होता ती माणसं क्राउडची काळजी करत होती! मी बरंच बोलले. शेवटी काका म्हणाले, "बरं बाई, लिही. फक्त मंडळाचं नाव सेफ ठेव."

मी लेटरहेडवर पत्र लिहिलं. मैत्रीण किती शिस्तीची आहे, कुटुंबं कशी येतात, सगळं मनापासून लिहिलं. आणि खाली, सही करण्याआधी, ती ओळ घातली. मंडळाच्या प्रत्येक नोटिशीखाली ती असते, सहलीच्या, फॅन्सी ड्रेसच्या, दाराबाहेरच्या चपलांच्यासुद्धा: कोणताही अनुचित प्रकार घडल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही. तीच ओळ मी इंग्रजीत लिहिली आणि पत्र पाठवून दिलं.

चार दिवसांनी नकार आला. मी लंच टाइममध्ये ड्राइव्ह करून थेट मॅनेजरबाईच्या ऑफिसात गेले. तिने माझंच पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काहीतरी घडेल असं तुम्हालाही वाटतंय," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली.

मी म्हटलं, अहो, ही आमची सवय आहे, ही ओळ आम्ही चपलांसाठीसुद्धा लिहितो. ती म्हणाली, "पण तुमच्या स्वतःच्या अर्जावर मी ती कधी पाहिली नाही."

तिचं ते साळसूद तोंड मला बघवेना. पण ती खरं बोलत होती. गणपतीच्या अर्जावर मी ती ओळ एकदाही लिहिलेली नाही. सवयच होती, तर तिथे हात का गेला नाही? याचं उत्तर मला माहीत आहे, आणि त्याची मला लाज वाटते. काकांच्या घरी मी भांडले खरी, पण त्यांची भीती डब्यात भरून घरी घेऊन आले होते.

संध्याकाळी मैत्रिणीला पत्र दाखवलं. लपवणं शक्य नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं.

"कोणता प्रकार?" तिने विचारलं.

तिने कागद घडी करून परत दिला. शो टायरच्या दुकानामागेच झाला. मी गेले. लहान मुलं खुर्च्यांवर उभी राहून नाचत होती, आज्या रंगीत फेटे बांधून नाचत होत्या, आणि गायकाचे शब्द हॉलच्या त्या पत्र्याच्या छपराखाली कुणाला कळत नव्हते. मैत्रीण माझ्याशी नीट बोलली. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला मात्र ती आता माझ्या शेजारी बसत नाही.

या वर्षी गणपतीचा अर्ज भरताना मी तळाशी तीच ओळ लिहिली, शब्दाला शब्द. कमिटीला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईचा फोन आला. ती हसत होती.

"तुम्हाला कशाला हवी ही ओळ? मी काढून टाकते."

"राहू द्या," मी म्हटलं. "काढू नका."

तिने ती काढली, आणि हॉल आम्हाला त्याच दिवशी मिळाला.