विमानाचं मशीन

माझ्याकडे तेरा मशीन्स आहेत आणि त्यांतल्या एकाहीवर मी पाच मिनिटांच्या वर टिकत नाही. हात शिवशिवतात म्हणून चालू करतो, एक डाव खेळतो, दुसऱ्यात कंटाळतो, मग मागची फळी उघडून वायरी उपसत बसतो. तेही नको झालं की उठून शेजारचं चालू करतो.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे माझा एक गाळा आहे. त्यात ही जुनी व्हिडिओ गेमची मशीन्स उभी आहेत, एकेक कपाटाएवढं. फळ्यांवर टीव्हीला जोडायचे गेम, पिवळ्या पडलेल्या कॅसेटी, जॉयस्टिकच्या तुटक्या दांड्यांचा खोकाभर ढीग. लोक बघायला येतात आणि म्हणतात, काय कलेक्शन आहे हो तुमचं! कसलं डोंबलाचं कलेक्शन! बायको मात्र बरोबर बोट ठेवते. "खेळायचं नसतं तर आणता कशाला?" असं ती विचारते आणि मी तिच्यावर उगाच खेकसतो, कारण उत्तर मला ठाऊक असतं आणि ते सांगायची लाज वाटते.

मला एकच मशीन हवं होतं. विमानाचं. बाकीची बारा त्याच्या शोधात गळ्यात पडली. आणि ते मिळालं की त्याच्यासमोर बाबांना उभं करून मला एकच प्रश्न विचारायचा होता.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. चार साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकट्याने सांभाळायचे. बुटका, काटक माणूस, पाळीभर उभा. त्या खडखडाटात कानात ओरडूनही ऐकू यायचं नाही, त्यामुळे साचेखात्यातली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. बाबांना ती सवय घरातही होती. आम्ही पाठ करून काही बोललो की ते चिडायचे. "तोंड हकडे कर," म्हणायचे.

मग गिरण्यांचा संप झाला. पहिले काही आठवडे चाळीत जत्रेसारखं वातावरण होतं. पुरुषमाणसं दिवसाढवळ्या घरात दिसतात याचीच आम्हा पोरांना गंमत. मग महिने गेले आणि गंमत सरली. भोंगा वाजायचा बंद झाला होता, पण बाबा भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. चहा घ्यायचे, उभे राहायचे, बसायचे, परत उभे राहायचे. आमची खोली ती केवढी! आई रेडीमेड शर्टांचे दोरे कापायचं काम घरी आणायची, खोलीभर शर्टांचे गठ्ठे, आणि त्यांतून हा माणूस दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या घालतोय. शेवटी आई कात्री आपटून म्हणायची, "अहो, एका जागी बसा तरी, नाहीतर बाहेर तरी जा!" मग ते बाहेर जायचे. मीटिंगला जातो म्हणायचे, कुठे कोणाच्या बदली काम मिळतंय का बघतो म्हणायचे.

त्याच सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. पूर्वी तिथे सायकली भाड्याने मिळायच्या. चार मशीन्स, दाराला काळा पडदा, आत खिडकी नाही की पंखा नाही, नुसता घामाचा वास आणि आवाज. अरे काय आवाज! चारही मशीन्स एकदम ठणाणा करायची. मी तेव्हा आठवीत होतो, पण उंचीने बाबांच्या वर गेलो होतो. गाडी पळवायच्या मशीनवर माझा जीव जडला होता. नाणं नसलं की आम्ही पोरं डेमो मारायचो. म्हणजे असं, की कोणी खेळत नसेल तेव्हा मशीन गिऱ्हाईक ओढायला आपलं आपणच खेळून दाखवतं. आपण नुसता दांडा धरून तो तसा तसा हलवायचा. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय खेळतोय! दुकानदाराला कळलं की तो बखोट धरून बाहेर काढायचा.

एका दुपारी मी शाळा बुडवून तिथे गेलो. पडदा सारला आणि तसाच हातात धरून राहिलो. कोपऱ्यातल्या विमानाच्या मशीनसमोर बाबा उभे होते.

त्या मशीनकडे आम्ही कोणी फिरकत नसू, मुळमुळीत गेम होता. बाबा त्याला अगदी चिकटून उभे होते, दांड्यावर हात. खांद्यावरून मला दिसलं, निळ्या समुद्रावर त्यांचं विमान डावीकडे वळलं, दोन जहाजं बुडवली, तिसऱ्याची गोळी खाऊन पाण्यात पडलं. पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत त्यांना मी दिसलो. ते वळले. माझ्या खांद्याला दप्तर, त्यांच्या हातात मीटिंगला न्यायची पिशवी. दाराचा पडदा बाजूला करून निघून गेले.

घरी त्यांनी माझ्या शाळेचा विषय काढला नाही आणि मी त्यांच्या दुकानाचा काढला नाही. पण माझं डोकं असं सटकलं होतं म्हणून सांगू! आईच्या अंगठ्याला कात्रीने घट्टा पडला होता. बहीण नव्हती, भाऊ नव्हता, मीच काय तो एक, तरी दोन वेळचं जमवताना तिची दमछाक व्हायची. आणि हा माणूस खुशाल विमानं उडवतोय? त्या दिवसापासून बाबा काही बोलले की मी पाठ करून उत्तर द्यायचो. त्यांना कळू नये म्हणून मुद्दाम.

आई सुटे पैसे साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. त्यातली चिल्लर मी उचलत होतो. आता सांगायला काय हरकत आहे? गाडीच्या मशीनसाठी उचलत होतो. एका सकाळी तिच्या लक्षात आलं. डबा हातात धरून ती खोलीच्या मध्यात उभी राहिली आणि म्हणाली, "कोणी घेतले? खरं सांगा." बाबा दाढी करत होते. आरशातून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि साबण लावलेल्या तोंडाने म्हणाले, "मी घेतलंय."

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि शर्ट ओढून दोरे कापायला लागली. त्यानंतर बरेच दिवस ती बाबांशी कामापुरतंच बोलत होती.

आणि मला सांगू, काय वाटलं? सुटलो, एवढंच वाटलं. मनात म्हटलं, खोटं थोडंच बोलले ते, घेतच असतील. माझ्यासारखेच. त्या विमानाला नाणी काय आभाळातून मिळत होती? आम्ही दोघंही चोर, असा हिशेब मी मनाशी घातला आणि त्या हिशेबावर चाळीस वर्षं काढली. नोकरी लागली, लग्न झालं, बाबांची गिरणी कायमची गेली, ते एका बिल्डिंगीच्या गेटावर वॉचमन झाले आणि तिथेही खुर्ची सोडून उभे राहायचे. आई गेली. हा हिशेब मात्र हलला नाही.

मशीन सापडलं ते माहीमच्या कोळीवाड्यात. एका मावशींच्या ओट्यावर, त्याच्या डोक्यावर माशांच्या बर्फाची पेटी. त्यांच्या नवऱ्याने कधीकाळी चार मशीन्सचं दुकान विकत घेतलं होतं, ते चाललं नाही, बाकीची भंगारात गेली आणि हे एक उंचीला बरं म्हणून राहिलं. आमच्या गल्लीतलं ते हेच मशीन होतं का, देव जाणे. पण डाव्या अंगाला समुद्राचं तेच उडालेलं चित्र होतं.

"चालतंय का हो मावशी?"

"चालतंय म्हणजे? पंधरा वरसं बर्फ उचलतंय!" मावशी म्हणाल्या. "तुला कशाला पायजे ते? पोरांना?"

"नाही, बापाला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "बघ गो, याचा बाप अजून खेळतोय!" दोघी पोट धरून हसल्या. मी आपला दात काढून उभा. टेम्पो येईपर्यंत त्यांनी मला माशाच्या टोपल्या हलवायला लावल्या.

मशीनमध्ये मीठ आणि गंज एवढा की तीन आठवडे मी त्यात डोकं घालून होतो. घाई होती. चाळ पाडायला घेणार होते आणि बाबांनी ठरवून टाकलं होतं, नवी इमारत होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचं नाही, गावी मालवणला जायचं. कायमचं. वय पंच्याऐंशीच्या पुढे, परत यायची गोष्टच नव्हती. शनिवारी निघणार होते. शुक्रवारी सकाळी पडद्यावर निळा समुद्र उमटला आणि मी गाळ्याला कुलूप न लावताच टॅक्सीने बाबांना आणायला धावलो.

बाबा आता ठार बहिरे आहेत. साच्यांनीच कान नेले. गाळ्यात आल्यावर त्यांनी सगळ्या मशीन्सकडे एक नजर टाकली, मी पुढे केलेली खुर्ची बाजूला सारली आणि थेट विमानापाशी गेले. ओळखलं होतं. चाळीस वर्षं घोटलेला प्रश्न ओठांवर होता: आई बोटं झिजवत होती आणि तुम्ही इथे नाणी उडवत होता, कसं करवलं तुम्हाला?

त्याआधी त्यांना खेळताना बघायचं होतं. मी खिशातून नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्या खंय घालूचा?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी खाच दाखवली. त्यांनी नाणं मला परत दिलं. मग डावा पंजा मशीनच्या अंगावर सपाट ठेवला, साचा नीट चाललाय का हे हाताला कळतं तसा, आणि उजव्या हाताने दांडा धरला. पडद्यावर विमान निघालं. डावीकडे वळलं. बाबांचा हात डावीकडे. दोन जहाजं बुडाली. तिसऱ्याची गोळी लागून विमान पाण्यात पडलं, पडदा काळा झाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. नाणं माझ्या मुठीत होतं.

तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो मी. डेमो! अरे, गल्लीतला प्रत्येक फुकट्या पोर जे करायचा, मी स्वतः जे करायचो, ते माझा बाप करत असेल हे माझ्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन तोंड दाखवून विचारलं, "बाबा, तुम्ही तेव्हा खेळत नव्हता?"

"माका खंय खेळूक येता?" ते म्हणाले. "पैसे तरी खंय होते? घरात बसान डोक्या फिरायचा. थंय आवाज होतो. उभ्या रवाक गावायचा." उभं राहायला मिळायचं, बस.

आवाज फुटला नसेल, नुसते ओठ हलले असतील, पण त्यांना तेवढं पुरतं. मी म्हटलं, "डब्यातले पैसे मी घेत होतो."

"माहीत आसा माका."

"मग तुम्ही का सांगितलंत…"

"आवशीन तुका बडवल्यान असता," बाबा म्हणाले आणि बोळक्या तोंडाने हसले. "माका थोडीच बडवतली!" आणि परत पडद्याकडे वळले, कारण विमान निघालं होतं.

मी स्टुलावर बसलो. मला तो डबा आठवत होता. त्या सकाळनंतर आईने तो सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली होती, बाबांचा हात पोचणार नाही अशा जागी. तिचाही पोचायचा नाही. काढायचा झाला की ती मला हाक मारायची.