चुल्लीबाबू

परदेशातून आलेलं रोप जाळायचं ठरलं की आमचे साहेब ते कधी शिपायाच्या हातात देत नसत. स्वतः भट्टीपाशी जात आणि पुरतं जळेपर्यंत उभे राहत. भट्टीला बंगालीत चुल्ली म्हणतात, म्हणून दमदम विमानतळावरच्या आमच्या रोप-तपासणीच्या कचेरीत सगळे त्यांना चुल्लीबाबू म्हणत. तेही तोंडावर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बदलीवर कलकत्त्याला गेलो, तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते आणि फार थकले होते. कचेरीत मराठी आम्ही दोघेच.

"कीड काय पासपोर्ट दाखवून येते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑर्किड आणणारे हौशी बाबू रडकुंडीला येत. साहेब त्यांना पंख्याखाली बसवत, चहा पाजत, सगळं ऐकून घेत आणि मग रोप जाळून टाकत. परत येऊन खुर्चीत अंग टाकत. "नियमाचं काही नाही रे, माणसांची समजूत काढता काढता जीव जातो."

एकदा सिंगापूरहून त्यांचा मेहुणा आला. वहिनींची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची आई तिकडेच वारली होती; वहिनींना शेवटचं भेटता आलं नव्हतं. आईच्या दारातल्या अनंताचं रोप त्याने डब्यात लावून आणलं होतं.

"माझ्या घरचं आहे, तू तपास," साहेब मला म्हणाले. मी माती धुतली. मुळांवर बारीक गाठी होत्या, म्हणजे आत कृमी.

"औषधात बुडवून बघू या का, साहेब?" मी चाचरत म्हटलं.

"दुसऱ्या कुणाचं असतं तर काय केलं असतंस?"

मी रोप त्यांच्या हातात दिलं. ते घेऊन साहेब भट्टीकडे गेले.

संध्याकाळी म्हणाले, "घरी चल माझ्याबरोबर. एकट्याला जाववत नाही." गॅलरीत वहिनींनी कुंडी भरून ठेवली होती. साहेबांनी सांगितलं. वहिनी रागावल्या नाहीत. कुंडी कोपऱ्यात सरकवत म्हणाल्या, "राख तरी आणायचीत."

राखेच्या आड कुठलाच नियम येत नव्हता. ते त्यांना सुचलंच नव्हतं, मलाही नाही. साहेब तसेच मागे फिरले. मला त्यांची फार दया आली. आम्ही पोचलो तोवर भट्टी झाडून झाली होती.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक रोप जाळल्यावर ते विचारत, "राख हवी का?" लोकांना ती थट्टा वाटे, ते चिडत. साहेबांच्या निवृत्तीनंतर मीही विचारत राहिलो. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी पदर पसरला.