निळेमामांची गॅसटाकी

तीनशे गाईंच्या त्या डेअरीत शेणगॅसची टाकी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे निळेमामा म्हणत. शेगडीची ज्योत निळी सोडून पिवळी दिसली, की त्यांना जेवण जात नसे. एकोणीस वर्षं त्यांनी शेण आणि पाणी घमेल्याने मोजून, हाताने कालवून टाकीत सोडलं. कामगारांचा स्वयंपाक त्याच गॅसवर होई.

"मामींपेक्षा टाकीचीच नाडी जास्त बघता," स्वयंपाकी चिडवायचा.

"टाकी उलट बोलत नाही," मामा म्हणत.

यंदा गाईंच्या कासेला रोग आला. डेअरीचे डॉक्टर म्हणजे मामांचे जावईच. त्यांनी गोठेच्या गोठे टोचले. आठवड्याभरात टाकीवरचं, गॅसने वर उचललेलं लोखंडी झाकण खाली बसलं, शेगडी फुरफुरून विझली.

"पाणी जास्त टाकलंत. हात थरथरतात तुमचे," मालक म्हणाले.

मामांना ते फार लागलं. त्यांनी दोन बंद पिंपं घेतली. एकात टोचलेल्या गाईंचं शेण, दुसऱ्यात न टोचलेल्या कालवडींचं. पाणी आणि विरजणाला शेजारच्या चालू टाकीतला काला दोन्हींत मोजून सारखाच. तोंडाला सायकलच्या ट्यूबा. तीन आठवड्यांनी कालवडींची ट्यूब टम्म फुगली, दुसरी चिंधीसारखी लोंबत राहिली. मामांनी मालकांना अक्षरशः हाताला धरून आणलं.

"टाकीतले जंतू गॅस करतात, मालक. शेणातून औषध उतरलं, त्याने तेच मेले. माझा हात नाही चुकला."

मालकांनी लोंबणारी ट्यूब चिमटीत धरून पाहिली. मग हळूच म्हणाले, "शेणात उतरलं, मग दुधात नाही उतरलं? दूध तर आपण एक दिवस थांबवलं नाही. विकायला हरकत नाही म्हणून सही कुणाची आहे, ठाऊक आहे ना?"

जावई मागेच उभे होते. तोंडाचं पाणी पळालेलं. मामांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही ट्यूबा आपल्या हाताने सोडवल्या.

"पाणीच जास्त पडलं असेल," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात टाकीवर दुसरा माणूस आला. रविवारी लेक आणि जावई जेवायला आले.

"बाबा, साधं पाणी मोजता येईना तुम्हाला? डेअरीभर हसं झालं. मला तोंड दाखवायला जागा नाही!"

"जाऊ दे गं," ताटावरची मान वर न करता जावई म्हणाले, "वय झालं त्यांचं."

मामा बायकोकडे वळले. "अगं, जावयांचं ताट रिकामं आहे. वाढ त्यांना."