पालथा पेला

यांना निवृत्तीनंतर चालायचं खूळ लागलं. तोरणमाळहून मोलगीपर्यंत डोंगराच्या धारेने पाच दिवस चालत जायचं. परदेशातली माणसं पाठीवर बिऱ्हाड घेऊन महिनोन्‌महिने चालताना मोबाइलवर बघून बघून डोकं फिरलं होतं. आणि मी मूर्ख, एकटं कसं पाठवायचं म्हणून सोबत निघाले.

चौथ्या दिवशी सकाळपासून नुसता चढ. चैत्रातलं ऊन, पानं झडलेला साग, सावली नावालाही नाही. वाळलेल्या पानांखाली सुटे दगड, मी तीनदा घसरले. गुडघे बोलत होते आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी बोलत होते. हे पुढे, ऐकून न ऐकल्यासारखे. त्यांचं एकच पालुपद, धारेवर मोहाच्या झाडाखाली पाणी आहे. निघायच्या आदल्या दिवशी धडगावकडून जीपने येऊन, जीपवाल्याला हाताशी धरून, त्यांनी तिथे वीस लिटरचा कॅन ठेवला होता. वाटेत दुसरं पाणी नाही. त्या झाडापासून खालच्या पाड्यातल्या झिऱ्यापर्यंत आणखी तीन तास.

यांची बाटली दहालाच संपली. आदल्या दिवशी माझीही यांनीच संपवली होती, पुढे आहे ना म्हणत. म्हणून त्या दिवशी मी सांगून टाकलं, माझंही संपलं. संपलं नव्हतं. अर्धी बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी होती. हे वळणाआड गेले की मी एक घोट घ्यायचे. वाळू दे जरा जीभ, म्हटलं, उतरू दे खूळ. रक्तदाबाची गोळी त्यांनी कोरडीच गिळली, तेव्हाही मी गप्प राहिले. एवढी भडकले होते.

साडेबाराला झाड दिसलं, कॅनही दिसला. सावलीत, दगडांच्या टेकूवर, ठेवला तसा. हे जवळजवळ पळालेच. उचलला तर रिकामा. तळाशी चूळ भरण्याइतकंही पाणी नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर, डोंगर, मोबाइल, यांचं खानदान, कोणाला म्हणून सोडलं नाही. बोलता बोलता कॅनच्या तोंडावरचा पेला दिसला. स्टीलचा, आमच्याच घरातला, पालथा घातलेला. हा कशाला, विचारलं. तर म्हणे झाकण जीपमध्येच राहिलं, मुंग्या जातील म्हणून घातला.

कर्म माझं! दर उन्हाळ्यात आमच्या फाटकाशी हे स्वतः माठ ठेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याने प्यावं म्हणून त्यावर अस्साच पेला पालथा घालतात. बत्तीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. मग लोक पिणार नाहीत तर काय करतील? मी हे त्यांना ऐकवत होते, तेवढ्यात खालून दोघी चढून आल्या. सासू-सून असाव्यात. डोक्यावर मोहाच्या फुलांच्या टोपल्या. सून टोपली उतरवून सरळ कॅनकडे गेली, तिने पेला उचलला, कॅन तिरका केला आणि आमच्याकडे बघितलं. बाजारात बोलतात तसल्या मराठीत तिने सांगितलं की काल इथे पाणी होतं. पाड्यातले सगळे इथेच पितात आता, म्हणून आज त्यांनी बाटली आणलीच नव्हती. म्हातारी मटकन खाली बसली होती, तिला धाप लागली होती.

मी म्हटलं, “ते पाणी आमचं होतं.”

“मग पेला कोणासाठी ठेवला?”

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. म्हातारीचे ओठ बघवत नव्हते. मी पिशवी उघडली, टॉवेल सोडला, बाटली काढली आणि पेला भरला. म्हातारी अर्धा प्यायली, उरलेला सुनेने घेतला. मग सुनेने पेला झटकून परत कॅनवर पालथा घातला, टोपली उचलली आणि दोघी हळूहळू धारेने पुढे गेल्या.

मी वळले. हे झाडाला टेकून बसले होते. ओठांना पांढरी कड धरलेली. त्यांची नजर टॉवेलावर होती. भान सुटलं की हे घरच्या अहिराणीवर येतात.

“तुन्हाजोडे पानी व्हतं?”

खरं सांगते, तेव्हाही मला आधी त्यांचाच राग आला. बाटलीत दोन घोट राहिले होते. मी ती पुढे केली. त्यांनी घेतली नाही. काठीवर जोर देऊन उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तूच पी. लपवण्याइतकी तहान तुलाच लागली होती.”

झिऱ्यापर्यंत तीन तास ते पुढे आणि मी मागे. ते दोन घोट बाटलीत तसेच हिंदकळत होते.