कंडेन्सरची बरणी

माझी लोणच्याची मोठी बरणी ह्यांनी कंडेन्सरसाठी, म्हणजे वीज साठवायला, उचलली, तेव्हाच मी म्हटलं होतं, "अहो, मग लोणचं काय डोक्यावर घालू?" पण ऐकतील तर शपथ! आमचे हे कर्जतच्या शाळेत मास्तर. विज्ञानाचा वर्ग ठेवायचा की बंद करायचा, हे शाळेची कमिटी ठरवणार होती, आणि ह्यांनी कमिटीसमोर बोटभर लांब वीज उडवून दाखवायचा विडा उचललेला. वर्ग गेला की नोकरी गेली. नोकरी गेली की चला कळंबला, थोरल्या दिरांच्या घरी, जावेच्या हाताखाली. मेले तरी मला तिथं परत जायचं नव्हतं.

म्हणून मीही राबले. वाण्याकडून चहाच्या रिकाम्या खोक्यांतला कथलाचा पातळ पत्रा आणला. तो मी लाटण्यानं सपाट करायचा, ह्यांनी काचेवर चिकटवायचा. एक काच, एक पत्रा, अशी चळत. पण आमच्याकडचा आषाढ तो! काचांना घाम फुटायचा आणि वीज साठायच्या आधीच काठावरून पळायची. उपाय एकच, सगळी चळत तेलात बुडवायची. दिवाळीपर्यंत पुरवायचं म्हणून ठेवलेलं माझं गोडेतेल ह्यांनी तडतड थांबेपर्यंत चुलीवर कढवलं. "पाण्याचा थेंब राहिला तर मुसळ केरात," असं मलाच वर बजावलं. आम्ही बिनफोडणीची आमटी खाल्ली.

मग घरीच जोडून बघितलं, आणि उडाली हो वीज! निळीशार, फटाक्यासारखी कडाडली. मी मनातल्या मनात जावेला कायमचा रामराम ठोकला.

त्याच संध्याकाळी सासूबाई कळंबहून आल्या. सकाळी हे बरणी शाळेत घेऊन गेले. बॅटरी जोडली, विजेचा जोर वाढवणारी तारेची कॉइल चालू केली, तर बरणीत नुसतं चुरचुरलं. ठिणगी म्हणून नाही. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, भजी कधी मिळणार?" सगळे हसले.

घरी येऊन ह्यांनी चळत वर काढली. काचांच्या फटीत जाड्या मिठाचे खडे अडकलेले, पावसाळी हवेनं पाणी सुटलेले. मी सासूबाईंकडे बघितलं.

"आत्याबाई, तेलात मीठ टाकलंत?"

"मग गं? एवडं तेल घरात, खवट नाय होनार? आमी कायम मूठभर टाकतो."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पण ह्यांनी मागून नको म्हणून मान हलवली. नंतर हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस. जिवाला लावून घेईल." आणि माझ्या जिवाचं काय? माझा नुसता जळफळाट झाला. ओरडायचं तरी कुणावर, मिठावर?

वर्ग बंद झाला. श्रावणाच्या आत आमची भांडी बैलगाडीत चढली. तेल काही टाकायचं नव्हतं, म्हणून बरणी सासूबाई मांडीशी धरून बसल्या. पोशीर गाव मागे पडल्यावर त्यांनी झाकण काढून वास घेतला.

"बग रं, एवडे दिस झाले, पन जराबी वास नाय. मिठाचा गुन हाय."

"हो, आई," हे म्हणाले. मी भाताच्या खाचरांकडे तोंड फिरवलं.

कळंबला जाऊ दारातच उभी होती. तिनं बरणी घेतली, तेलाचा वास घेतला आणि त्याच संध्याकाळी मला भजी तळायला बसवलं.