मावशींची अठ्ठावीस पानं

टायपिंगवाल्या ताईंना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. एका हाताने टायपिंग, दुसऱ्या हाताने प्रिंटरचे कागद सरळ करणं, मध्येच उठून दाराबाहेर डोकावणं. नणंदेने त्यांचं नाव भिंगरी ठेवलं होतं. जिन्याखालच्या त्यांच्या चिंचोळ्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते आणि बावीस वर्षांचं काम होतं.

त्या वर्षी एक निवृत्त सुईण रोज दुपारी त्यांच्याकडे येऊ लागली. प्रसूतिगृहात तिची पस्तीस वर्षं गेली होती. नर्सिंग शाळेने तिला शिकणाऱ्या मुलींसाठी अनुभव लिहून मागितले होते, पण डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून मावशी सांगायच्या, ताई टाइप करायच्या. पेनड्राइव्ह मावशींच्या रुमालाच्या गाठीत असायचा. "माझी वस्तू माझ्यापाशीच बरी," म्हणायच्या. ताईही फाइल थेट पेनड्राइव्हवरच उघडायच्या, त्यातच लिहायच्या आणि काम संपलं की काढून हातात द्यायच्या. तीन महिन्यांत एकशे चाळीस पानं झाली.

शेवटच्या दिवशी मावशींची भाची बाहेर गाडीत बसून हॉर्नवर हॉर्न देत होती. ताईंनी सेव्ह केलं आणि पेनड्राइव्ह ओढला. त्याचा बारीक दिवा अजून लुकलुकत होता. तो त्यांनी पाहिला, तरी ओढला.

दुसऱ्या सकाळी मावशी छपाईला आल्या. पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. "काहीतरी अडकलंय, संध्याकाळपर्यंत करते," असं सांगून ताईंनी त्यांना घरी धाडलं आणि दुकानाला कुलूप लावून दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतली.

"काढताना दिवा चालू होता?" त्याने विचारलं.

"होता."

"म्हणजे लिहिणं चालू होतं. पडद्यावर सेव्ह झालं असं दिसलं, तरी माल पेनड्राइव्हमध्ये उतरायचा बाकी असतो. दुसरी प्रत कुठाय?"

"नाही केली."

"आता ह्याच्यावर एक अक्षरही साठवू नका. उरलंसुरलंही जाईल."

तो खटपट करत होता तोवर ताईंनी त्याच्या दुकानातल्या तारांची वेटोळी सोडवून पुन्हा गुंडाळली, दोनदा पाणी प्यायल्या, चारदा "झालं का?" विचारलं. शेवटी तो वैतागला, "ताई, बाहेर फेऱ्या मारा पाहू!" दुपारी हाती लागली एकशे बारा पानं. बाकीची अठ्ठावीस गेली ती गेलीच.

मावशींच्या इमारतीला ताईंनी दोन चकरा मारल्या, मग जिना चढल्या. घडलं ते सगळं ऐकून मावशींनी पेनड्राइव्ह पुन्हा रुमालाच्या गाठीत बांधला.

"मी थांबले असते की गं," त्या म्हणाल्या. "हॉर्न भाचीचा होता. माझा नव्हता."

ताईंना मान वर करवेना.

"शाळेला तीन आठवडे थांबायला सांगते. उद्या येते."

पुन्हा सांगणं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मावशी एका बाळंतपणापाशी अडखळल्या. "मागच्या खेपेला इथे काय लिहिलं होतं?"

"'मूल वाचलं नाही.' एवढंच."

"एवढंच नव्हतं. लिही. डॉक्टरांना बोलवायला मी वीस मिनिटं उशीर केला. मला वाटलं, मी निभावून नेईन."

ताईंची बोटं थांबली. "हे ठेवायचं, मावशी?"

"पोरींना हेच कळायला हवं. बाकी सगळं पुस्तकात असतंच."

ताईंनी लिहिलं. त्या एकदाही उठल्या नाहीत.

आता फाइल कॉम्प्युटरवरच राहायची. रोज काम संपलं की ती बंद करून त्या पेनड्राइव्हवर प्रत उतरवत, दिवा शांत होऊ देत, काढायची सूचना देत आणि 'आता काढू शकता' असं दिसल्यावरच हात लावत. मग तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून शेवटचं पान उघडून पाहत. गिऱ्हाईक खोळंबायचं. "अहो ताई, द्या ना लवकर!" त्या ओठ घट्ट मिटून उभ्या राहायच्या.

शेवटच्या दिवशी मावशींनी रुमालाची गाठ सोडली, तर आत दोन पेनड्राइव्ह.

"हा दुसरा कशाला?"

"तुझ्यावर विश्वास आहे गं माझा," मावशी म्हणाल्या. "पण ते वीस मिनिटांचं मी पुन्हा नाही सांगू शकणार."

ताईंनी दोन्हींवर प्रत उतरवली, दोन्ही उघडून पाहिल्या. पुस्तिका छापून झाली. शाळेने एक प्रत ताईंनाही पाठवली. ती त्यांनी अजून पूर्ण वाचलेली नाही. त्या बाळंतपणाचं पान आलं की त्या पुस्तिका मिटतात आणि काहीतरी काम काढून उठतात.