मुंबईचा दर
रस्त्याच्या कामावरच्या तापलेल्या डांबराचा वास आला की मला पोलादपूरच्या डोंगरावरची ती वाडी आठवते. तेव्हा मी महाडहून एकटाच नळ, वायरिंग, गळके पत्रे अशी कामं घ्यायचो. एसटी आणि चढण यांत अख्खा दिवस जायचा, म्हणून दर सांगण्याआधी मी घर बघायचो. मुंबईहून कोणी आलेलं दिसलं की मजुरी दीडपट, त्यातूनच काय तो नफा सुटायचा. वाडीतल्या एका घराच्या ओटीवर चेनची नवी बॅग दिसली. मी दीडपट सांगितली. घरातली म्हातारी घासाघीस न करता म्हणाली, "कर रे बाबा, पण आजच पुरं कर." तिनं चुलीवर डांबर तापवून दिलं, मी पत्र्यांच्या भेगा बुजवल्या आणि खाली उतरून थट्टेनं विचारलं, "काकी, मुंबईकर उठला नाय काय अजून?" ती म्हणाली, "पोराची हाय ती बॅग. त्याच्या मुंबईच्या खोलीवरच्या पोरांनी परवा आणून दिली. तो तिकडंच गेला रे, तिकडंच जाळला. उद्या बारावं हाय, माणसांच्या अंगावर गळायला नको." मी डांबरानं भरलेले हात तसेच धरून उभा राहिलो. तिनं पदराची गाठ सोडून पैसे पुढे केले. कमी घ्यायचे, तर आधी जास्त का सांगितले ते बोलावं लागलं असतं. मी सगळे घेतले. त्यानंतर दीडपट मजुरी मी कुणालाच सांगितली नाही. आता महाडच्या बाजारात लोक नवख्यांना माझ्याबद्दल सांगतात, यानं डोंगरातल्या माणसाकडून कधी जास्तीचं घेतलं नाही. मी त्या घरातून घेतलं आहे.